खिशातला घडीचा चाकू : कोणतं पातं, कोणती जोडी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पारंपरिक घडीचे चाकू नव्याने हाताळणाऱ्यांना पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतात ती नावं. क्लिप, स्पे, शीपफूट, पेन ही पात्यांची. त्यात पुन्हा स्टॉकमन, ट्रॅपर, काँग्रेस ही अख्ख्या चाकूच्या घाटाची. एकदा नावामागचं काम कळलं की निवड फारशी अवघड राहत नाही. माझी मतं मध्ये मध्ये येतीलच. ती मतं म्हणूनच वाचावीत.

पारंपरिक घडीचा चाकू म्हणजे नेमका कोणता?

इथे तो शब्द मुख्यतः ‘स्लिपजॉइंट’ चाकूसाठी वापरला आहे. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब स्प्रिंग असते. ती पात्याच्या मुळाशी असलेल्या चौकोनी भागावर, म्हणजे टँगवर, सतत दाब देते. त्या दाबानेच पातं उघडं राहतं आणि बंदही राहतं. लॉक नसतो, बटण नसतं. जोर लावला की पातं घडी होतं. ते बोटांवर होऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी वापरणाऱ्याची.

आकाराची निवड इथे महत्त्वाची ठरते ती यामुळेच. लॉकच्या चाकूने टोक खुपसलं, पिळलं, तरी बऱ्याचदा निभावतं. स्लिपजॉइंटमध्ये टोकाने भोसकण्याची कामं करूच नयेत. कापताना दाब धारेकडून पाठीकडे जाईल, म्हणजे पातं आणखी उघडण्याच्या दिशेला ढकललं जाईल, असं काम या चाकूला मानवतं. त्यामुळे आक्रमक टोकापेक्षा धारेचा आकार कसा आहे, हे आधी बघावं.

पात्याचा आकार ओळखायचा कसा?

तीन गोष्टी बघा. धार सरळ आहे की पोटाला फुगलेली? पाठ टोकाकडे कशी उतरते? आणि टोक धारेच्या पातळीत आहे, मध्यावर आहे की वर आहे? पातं नखाने उघडायची खाच सोडली तर बाकी खाचा आणि नक्षी शोभेच्या असतात. या तीन प्रश्नांची उत्तरं दिलीत की नाव माहीत नसलं तरी ते पातं कशाला चांगलं, हे सांगता येतं.

फुगीर धार ओढत कापायला आणि सोलायला चांगली, कारण वळणामुळे धारेचा थोडाच भाग एका वेळी टेकतो आणि दाब तिथे एकवटतो. सरळ धार सपाट पृष्ठभागावर, पट्टीला लावून, किंवा अंगठ्याने पाठ दाबून लाकूड तासायला चांगली. टोक खाली असेल तर रेघ ओढल्यासारखं नेमकं कापता येतं. टोक वर असेल तर ते चुकून कशात घुसण्याची शक्यता कमी.

क्लिप पॉइंट सगळीकडे का दिसतो?

कारण तो थोडं थोडं सगळं करतो. पाठीचा पुढचा भाग कापून काढल्यासारखा असतो, कधी सरळ तर कधी आत वळलेला, आणि त्यामुळे टोक बारीक होतं. खाली धारेला पोट असतं. पाकीट फोडणं, दोरी कापणं, फळ सोलणं, पायात रुतलेला काटा काढायला टोकाची मदत घेणं, सगळ्यात तो कामाला येतो. अमेरिकी चाकूंमध्ये मुख्य पातं म्हणून तोच सर्वांत जास्त दिसतो.

त्याचेही उपप्रकार आहेत. लांब आणि बारीक उताराचा तो कॅलिफोर्निया किंवा तुर्की क्लिप; दिसायला देखणा, पण टोकाला नाजूक. आखूड आणि रुंद क्लिप दणकट. टोक मोडलेले जुने चाकू बघितलेत तर त्यात लांब क्लिप हमखास सापडतील, कारण कुणीतरी त्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलेलं असतं.

स्पिअर, ड्रॉप आणि पेन यांत फरक काय?

स्पिअर भाल्याच्या पात्यासारखा, टोक जवळजवळ मध्यरेषेवर. पाठ आणि धार दोन्ही सारख्याच वळणाने टोकाकडे येतात, तरी धार एकाच बाजूला असते. टोक क्लिपपेक्षा मजबूत. ड्रॉपमध्ये पाठ हळूहळू खाली येते पण टोक मध्याच्या वरच राहतं आणि धारेला पोट जास्त मिळतं. जुन्या घाटाच्या चाकूंत ड्रॉप तुलनेने कमी आढळतो.

पेन म्हणजे छोटा स्पिअर. पिसाच्या लेखणीचं टोक तासायला असायचा, म्हणून ते नाव. लेखण्या गेल्या, पातं राहिलं. जोडीतलं धाकटं पातं म्हणून आजही तेच सगळ्यात जास्त बसवतात. माझ्या मते ते जरा आळसाने बसवलं जातं. पुढे जोड्यांच्या उत्तरात कारण येईल.

शीपफूट, लॅम्बफूट, वॉर्नक्लिफ, कोपिंग : सगळे सारखेच दिसतात. वेगळे कसे ओळखायचे?

या घराण्याची खूण म्हणजे सरळ धार. धार खालून सरळ जाते आणि पाठ तिला भेटायला खाली येते. ती कुठून आणि कशी खाली येते, त्यावर नाव ठरतं.

शीपफूटमध्ये पाठ बहुतेक लांबी धारेला समांतर राहते आणि शेवटी एकदम गोल वळून खाली उतरते. पातं शेवटपर्यंत रुंद, टोक बोथटाकडे झुकणारं. मेंढ्यांच्या खुरांची वाढ छाटायला हा आकार वापरत, म्हणून मेंढीचं नाव लागलं. नावाड्यांमध्येही तो चालत आला, कारण हलत्या नावेवर दोर कापताना टोक कशात घुसत नाही.

लॅम्बफूट हा त्याचा सडपातळ भाऊ, आणि खास इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा. पाठ आणि धार टोकाकडे जाताना किंचित जवळ येत जातात आणि शेवटी तिरकस छेद. इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, एका पात्याचा लॅम्बफूट हा कष्टकऱ्यांचा चाकू. अमेरिकेत तो त्या मानाने फार रुजला नाही.

वॉर्नक्लिफमध्ये पाठ बरीच आधी, कधी कधी मुठीजवळूनच, उतरायला लागते. टोक अगदी बारीक आणि धारेच्या रेषेत. कोरीवकाम करणाऱ्यांचं हे आवडतं पातं: टोक नेमकं कुठे आहे ते हाताला न बघता कळतं. मात्र या टोकाने पिळायचं नाही. पाठ इतकी निमुळती झालेली असते की आधाराला धातू उरतच नाही.

कोपिंग सर्वांत अरुंद. सरळ पट्टीसारखं पातं आणि शेवटी कोनात कापलेलं टोक. जोडीत दुय्यम म्हणून येतं, एकटं फार क्वचित.

चौघांतला एकच खिशात ठेवायचा तर मी लॅम्बफूट ठेवेन. शीपफूटची सुरक्षितता बरीचशी मिळते, आणि टोक कागदाच्या घडीत शिरण्याइतकं बारीकही राहतं.

वॉर्नक्लिफ हे नाव कुठून आलं?

एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने लॉर्ड वॉर्नक्लिफ यांच्या नावाने हा घाट बाजारात आणला. शेफील्डचा चाकूधंदा त्याहून फार जुना. तिथल्या चाकू कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही संघटना 1624 साली कायद्याने स्थापन झाली.

स्पे पातं आज कुणाला लागतं?

मूळ काम गोठ्यातलं: वासरं, कोकरं खच्ची करण्याचं. पोटाला चांगली फुगीर धार, आणि टोक मुद्दाम बोथट, वर वळून छाटलेलं, म्हणजे जनावर हललं तरी नको तिथे भोसकलं जाणार नाही. आज ते काम बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. पण तेच गुण घरातही उपयोगी पडतात. पार्सलची चिकटपट्टी कापताना आतल्या वस्तूला टोक लागत नाही. कातडी सोलताना किंवा चामडं खरवडताना भोक पडत नाही. पावावर लोणी पसरायलाही बरं. सगळ्यात दुर्लक्षित पातं हेच, हेही खरं. जुने वापरलेले स्टॉकमन, म्हणजे स्पे असलेले तीन पात्यांचे चाकू, बघा: क्लिप झिजून निम्मा झालेला असतो आणि स्पेवर कारखान्याची चकाकी अनेकदा तशीच असते.

‘जॅक’ आणि ‘पेन’ हे पात्यांचे प्रकार आहेत की चाकूंचे?

चाकूंचे. पाती कोणत्या टोकाला जोडली आहेत त्यावरून. सगळी पाती एकाच टोकाला असतील तर जॅक. दोन्ही टोकांना असतील तर पेन चाकू. पेन पातं आणि पेन चाकू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फरक हातात जाणवतो. जॅकमध्ये दुसरं टोक मोकळं आणि गुळगुळीत असतं, त्यामुळे तळहातात काही टोचत नाही. जोराचं काम जास्त असेल तर जॅक घ्यावा. पेन चाकूत एक पातं उघडलं की दुसऱ्याचं मूळ किंवा पाठ तळहाताखाली येते. हलक्या कामाला चालतं. जाड पुठ्ठा कापत बसलात तर थोड्या वेळाने हाताला खूण पडते.

स्टॉकमनमध्ये तीन पाती का, आणि हीच तीन का?

क्लिप, शीपफूट, स्पे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गुरं पाळणाऱ्यांसाठी हा घाट स्थिरावला, आणि त्यांच्या दिवसाचं काम या तिघांत बरोबर वाटलं जातं. क्लिप रोजच्या बारीकसारीक कामाला. शीपफूट खुरं, दोरखंड, चामड्याचे पट्टे कापायला. स्पे जनावरांच्या शस्त्रक्रियेसाठी, आणि ती धार बाकी कशाला लावून बोथट करायची नाही, असा अलिखित नेम.

या रचनेतली हुशारी पात्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या धारांच्या वेगळेपणात आहे. एक टोकदार आणि फुगीर, एक सरळ, एक बोथट आणि फुगीर. कुठलंही पातं दुसऱ्याची नक्कल करत नाही. शिवाय एकाची धार गेली तर दुसरं तयार. शहरात राहणाराही हीच वाटणी वापरू शकतो: शीपफूट पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांना, क्लिप खाण्याच्या वस्तूंना, स्पे पाकिटं उघडायला. धारदार पातं खराब कामाने बिघडवायचं नसेल तर पात्यांना कामं नेमून देणं फार सोयीचं पडतं.

तोटे? आहेत. मूठ जाड होते. धाकटी दोन पाती एका टोकाला शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे मधल्याची खाच नखाला सहज लागत नाही. फळाचा रस आत गेला तर साफ करायला काडी, कापूस आणि धीर लागतो.

ट्रॅपर स्टॉकमनपेक्षा चांगला का म्हणतात?

मोठ्या हाताचे लोक म्हणतात. ट्रॅपरमध्ये दोनच पाती, दोन्ही जवळजवळ सारख्या लांबीची, दोन्ही एकाच टोकाला: एक क्लिप, एक लांब स्पे. शिकारी आधी क्लिपने चीर देत आणि मग स्पेने कातडी सोडवत. दोन्ही पाती पूर्ण लांबीची असल्याने दुसरं पातं ‘धाकटं’ राहत नाही. पण दोघांनाही पोट आहे. सरळ धार एकही नाही. जे शिकार करत नाहीत त्यांना क्लिप आणि वॉर्नक्लिफ अशी जोडी असलेला ट्रॅपर जास्त उपयोगी पडतो, आणि अशा आवृत्त्या मिळतात.

दोन पात्यांची सर्वांत चांगली जोडी कोणती?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि यावर मतंही सगळ्यात जास्त. माझा निकष एकच: पहिल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमलं पाहिजे.

त्या निकषावर सर्वांत प्रचलित जोडी, म्हणजे क्लिप आणि पेन किंवा स्पिअर आणि पेन, काठावर पास होते. पेन पातं मोठ्या पात्याचं लहान रूप आहे. त्याचा उपयोग दोन बाबतींत: लहान असल्याने ते लोकांसमोर काढायला संकोच वाटत नाही, आणि टोकाजवळ नियंत्रण चांगलं मिळतं. पीनट नावाच्या इवल्या चाकूत, जो मिटल्यावर जेमतेम 7 सेंटिमीटरचा असतो, क्लिप आणि पेन शोभतात, कारण तिथे दोन्ही पाती बारीक कामाचीच आहेत. मोठ्या जॅकमध्ये मात्र त्या जागी सरळ धारेचं काही असतं तर बरं झालं असतं, असं वारंवार वाटतं.

स्पिअर आणि शीपफूट किंवा क्लिप आणि शीपफूट ही रोजच्या वापराला माझी पहिली पसंती. पुठ्ठ्याचा खोका घ्या. शीपफूटची धार टोकापर्यंत सरळ असल्याने पातं जवळजवळ आडवं धरून खोक्याच्या कडेने ओढता येतं आणि पूर्ण धार कामाला लागते. हेच क्लिपने करायला गेलात तर पोटाचं वळण येतं तिथे पातं वर निसटतं आणि मनगट वळवावं लागतं. उलट सफरचंदाची साल काढायची असेल तर शीपफूट सालीवर सपाट बसतो, खोल जातो, आणि क्लिपचं पोट गोलाईवरून अलगद फिरतं. दोन कामं, दोन पाती, कुठेच तडजोड नाही.

लाकूड तासणाऱ्यांनी वॉर्नक्लिफ आणि पेन घ्यावं. इथे पेन खरोखर आपली जागा कमावतं: खोलगट वळणात वॉर्नक्लिफचं रुंद पातं फिरत नाही, पेनचं अरुंद पातं फिरतं.

मस्करॅट नावाच्या घाटात तर दोन्ही पाती एकसारखी, अरुंद क्लिप, दोन टोकांना एकेक. माझ्या निकषाला हा घाट धाब्यावर बसवतो. पण छोट्या प्राण्यांची कातडी काढताना एकाची धार गेली की चाकू फिरवून लगेच दुसरं वापरायचं, असा त्याचा हिशेब आहे. त्या कामात तो चोख.

व्हिटलर म्हणजे कोणताही लाकूड कोरायचा चाकू का?

नाही, तो एक विशिष्ट बांधणीचा तीन पात्यांचा चाकू. एका टोकाला जाड मुळाचं मोठं पातं, दुसऱ्या टोकाला दोन छोटी, बहुधा पेन आणि कोपिंग. स्प्रिंगा दोन. छोट्या पात्यांना प्रत्येकी एक, आणि मोठं पातं एकाच वेळी दोन्ही स्प्रिंगांवर टेकतं. म्हणून ते उघडल्यावर डुलत नाही. छोट्या पात्यांच्या बाजूला स्प्रिंगांमध्ये पाचरीसारखी पट्टी घालून त्या एकमेकींपासून दूर ठेवतात, त्यामुळे तिथे पाती एकमेकांना घासत नाहीत. हातातला व्हिटलर पाठीकडून बघा: एका टोकाला दोन स्प्रिंगा चिकटलेल्या, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या दिसतील. जोडणी नीट असेल तर चिकटलेल्या टोकाला फटीतून उजेड दिसत नाही.

काँग्रेस घाटात चार पाती असतात. इतकी कशाला?

पाठीला किंचित कमान असलेला हा चाकू जुन्या काळी कचेरीत बसणाऱ्यांचा. शीपफूट, कोपिंग, पेन आणि कधी स्पिअर अशी छोटी पाती, सगळी नाजूक कामाची: कागद, लेखणी, नखं, तंबाखू. 14 एप्रिल 1865 रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या खिशात असलेल्या वस्तूंमध्येही हस्तिदंती मुठीचा घडीचा चाकू होता. त्या वस्तू वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवल्या आहेत.

पाती वाढली की काय बिघडतं?

जागा. दोन पाती एकाच स्प्रिंगवर समोरासमोर बसवली तर मिटताना ती एकमेकांशेजारून सरकायला हवीत. त्यासाठी कारागीर पात्याला मुळाशी किंचित बाक देतो. पातं वाकडं बसलंय असं वाटून परत करू नका; तो बाक मुद्दाम दिलेला असतो. तो चुकला तर पातं उघडताना शेजारच्यावर ओरखडा उठतो. कोऱ्या चाकूवर अशी लांब रेघ दिसली तर विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.

दुसरं, एका स्प्रिंगवर दोन पात्यांचा भार. दोन्ही अर्धवट उघडली तर स्प्रिंगवर नको इतका ताण येतो. एका वेळी एकच पातं उघडावं.

मग एकच पातं घ्यावं का?

पहिलाच चाकू असेल तर हो, खुशाल. मूठ सडपातळ, साफ करायला सोपं, आणि पातं मुठीच्या मधोमध बसतं. सॉडबस्टर हा जर्मन शेतकऱ्यांच्या चाकूवर बेतलेला घाट घ्या: एक रुंद पातं, साधी मूठ, कसलीही नक्षी नाही. बार्लो नावाच्या घाटातही एक पात्याचे चाकू मिळतात. बार्लोचा लांब धातूचा बोल्स्टर मुठीच्या नाजूक टोकाला, जिथे पातं फिरतं तिथे, बळकटी देतो. एकट्या पात्यासाठी आकार कोणता? स्पिअर किंवा लॅम्बफूट. एकट्या क्लिपवर मी सगळी भिस्त ठेवणार नाही.

फ्रान्स आणि जपानकडचे घाट यात कुठे बसतात?

तिथे एकाच पात्याचा विचार पुढे नेला गेला. फ्रान्सच्या लागियोल चाकूचं पातं लांब, निमुळतं; जोडीला दुसरं पातं घेण्याऐवजी बूच काढायचा स्क्रू आणि जनावरांसाठी टोचणी. जोडी करायची तर धारेशी धार न जोडता वेगळं अवजार जोडावं, हा विचार मला फार पटतो. ओपिनेल हा चाकू 1890 मध्ये फ्रान्सच्याच सावोआ प्रदेशाच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी सुरू केला. लाकडी मूठ आणि पातळ पातं, पाठीत स्प्रिंग नाही. 1955 पासून त्याला फिरवायची लोखंडी कडी आली, त्यामुळे आता तो लॉकचा चाकू. डूक-डूक 1929 चा, तिएर शहरातला. मूठ घडी घातलेल्या पत्र्याची आणि पातं तुर्की क्लिपचं.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी तर स्प्रिंगही वापरत नाही. पात्यामागे एक छोटी शेपटी बाहेर येते, ती अंगठ्याने दाबून धरायची. बाकी काम घर्षणावर. पातं सरळ धारेचं, वॉर्नक्लिफच्या जवळचं. पेन्सिल तासायला याच्या तोडीचं दुसरं मी पाहिलेलं नाही.

स्विस चाकू पारंपरिक म्हणायचा का?

म्हणावा. बांधणी स्लिपजॉइंटचीच आहे. स्विस सैन्याचा 1890 चा नमुना म्हणजे स्पिअर पातं, डबा उघडायचं अवजार, स्क्रूड्रायव्हर आणि टोचा. पहिला पुरवठा जर्मनीच्या सोलिंगेनमधून झाला, मग 1891 पासून कार्ल एल्सनर यांनी देशात उत्पादन सुरू केलं आणि 1897 मध्ये हलका ‘ऑफिसर’ चाकू नोंदवला. स्पिअर आणि अवजारं ही जोडी कॅम्प चाकूंनीही उचलली. धारेच्या दृष्टीने बघायचं तर ‘ऑफिसर’मधलं छोटं पातं पुन्हा पेनच.

काही चाकूंवर दिसणारे 6254, 6318 असे आकडे काय सांगतात?

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड, पेनसिल्व्हेनियाच्या डब्ल्यू. आर. केस अँड सन्सची ती पद्धत. पहिला आकडा मुठीच्या साहित्याचा. 6 म्हणजे मुख्यतः खाचा पाडलेलं हाड. दुसरा पात्यांची संख्या. शेवटचे दोन घाटाचा क्रमांक. म्हणजे 6254 हाडाच्या मुठीचा दोन पात्यांचा ट्रॅपर, 6318 तीन पात्यांचा मध्यम स्टॉकमन, 6220 दोन पात्यांचा पीनट. पुढे सीव्ही असेल तर क्रोम-व्हॅनेडियमचं गंजू शकणारं पोलाद, एसएस असेल तर स्टेनलेस.

कार्बन पोलाद घ्यावं की स्टेनलेस?

दोन्ही चालतात. 1095 सारख्या कार्बन पोलादात सुमारे 0.95 टक्के कार्बन असतो. बारीक धार पटकन येते, पण पुसून न ठेवल्यास गंजतं. आंबट फळं कापली की करडा-निळसर थर चढतो. तो गंज नव्हे, उलट तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. एकाहून जास्त पाती असतील आणि खाण्याच्या वस्तू कापणार असाल तर स्टेनलेस सोयीचं, कारण मुठीतल्या सांध्यात अडकलेला ओलावा पुसता येत नाही. एक पात्याच्या चाकूत कार्बनची मजा घ्यावी.

कोणत्या आकाराला धार लावणं सोपं?

सरळ धारेला, निर्विवाद. दगडावर पातं ठेवायचं, कोन धरायचा आणि मुळापासून टोकापर्यंत ओढायचं. मध्ये काही बदलायचं नाही. एका बाजूला 15 ते 20 अंशांचा कोन पुरतो. क्लिप आणि स्पेमध्ये पोट आलं की मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर वळणावर धार लागत नाही आणि टोक मात्र घासून गोल होतं. नवशिक्याने आधी शीपफूटवर हात बसवावा. धार लावून झाल्यावर पातं मिटताना सोडून देऊन फटकन आपटू देऊ नका; काही चाकूंत धारेचा मधला भाग आत स्प्रिंगवर आपटतो आणि तिथे बारीक खळगा पडतो. बोटाने सावकाश मिटवा.

स्प्रिंग किती कडक असावी? आणि अर्ध्यावर थांबणारं पातं चांगलं का?

नख न मोडता उघडेल इतकी. टँगची बाजू चौकोनी घासलेली असेल तर पातं काटकोनात टक् करून थांबतं. मिटताना तिथे बोटांची जागा बदलता येते, म्हणून मुलांना शिकवताना असा चाकू बरा. टँग गोल असेल तर पातं न थांबता सलग फिरतं. पीनटसारख्या छोट्या चाकूत ते जास्त मोहक वाटतं. संग्राहक यावर तावातावाने भांडतात. वापरात फरक थोडाच.

डावखुऱ्यांचं काय?

एक पात्याच्या चाकूत नखाची खाच बहुतेक वेळा उजव्या हाताच्या सोयीने केलेली असते. ज्या पात्याला चिमटीत धरून उघडता येतं ते बघावं. सॉडबस्टरचं रुंद पातं त्या बाबतीत सोपं.

कायद्याचं बघावं लागतं का?

लागतं, आणि देशागणिक नियम वेगळे. ब्रिटनचं उदाहरण सर्वांत स्पष्ट: 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या कलम 139 नुसार धार 3 इंचांपेक्षा, म्हणजे 7.62 सेंटिमीटरपेक्षा, लांब नसलेला घडीचा चाकू कारण न देता सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. लॉक असलेला त्यात बसत नाही. तिथे स्लिपजॉइंटला मागणी टिकून आहे त्यात या नियमाचा वाटा आहे. विमानात हा चाकू हातातल्या सामानात ठेवू नये, तो सुरक्षा तपासणीत काढून घेतला जातो.

जुना चाकू घेताना पाती खरी आहेत का, हे कसं बघायचं?

आधी मिटलेल्या चाकूची टोकं बघा. टोक मुठीच्या कडेच्या वर डोकावत असेल तर पातं बदललेलं असू शकतं किंवा मुळाशी घासलेलं. मग सगळी पाती उघडून त्यांच्या मुळावरचे शिक्के जुळवा. काही कारखाने फक्त मुख्य पात्यावरच शिक्का मारत, त्यामुळे धाकट्यावर नसणं संशयास्पद नाही, पण वेगळ्याच कारखान्याचा असणं आहे. टोक मोडल्यावर ते घासून नवा आकार देण्याची सवयही जुनी. ‘दुर्मीळ शीपफूट’ म्हणून विकायला आलेलं पातं पूर्वी क्लिप असू शकतं. नखाची खाच टोकाच्या फार जवळ आलेली दिसली, किंवा मिटल्यावर टोकापुढे मुठीत बरीच रिकामी जागा राहिली, तर पातं आखूड झालंय असं समजा आणि किंमत त्या हिशेबाने द्या.